दोन मॉनिटर जोडल्यावर व्हीब्लँक इंटरप्ट हरवतो, आणि पडदा लगेच चालू केला की सगळे गोठते

प्रश्न

नमस्कार. एका आर्म चिपवरील डिस्प्ले कंट्रोलरसाठी मी लिनक्स कर्नलचा डीआरएम (डिस्प्ले हाताळणारी कर्नलची यंत्रणा) ड्रायव्हर लिहीत आहे. कंट्रोलरला दोन पाइप (प्रत्येकी एका मॉनिटरला चित्र पुरवणारे मार्ग) असून दोन्हींसाठी एकच लेव्हल-ट्रिगर्ड (कारण मिटेपर्यंत चढलेली राहणारी) इंटरप्ट लाइन आहे. स्टेटस रजिस्टरमधील बिटवर १ लिहिला की तो पुसला जातो. एकच मॉनिटर असेल तर काम सुरळीत चालते. मात्र एका पाइपवर ६० आणि दुसऱ्यावर ५९.९४ हर्ट्झचा मोड लावला की साधारण सोळा-सतरा सेकंदांच्या अंतराने व्हिडिओ एक फ्रेम अडखळतो. शिवाय पडदा बंद करून लगेच चालू केला, तर चित्र दहा सेकंद गोठते आणि लॉगमध्ये ‘फ्लिप_डन टाइम्ड आउट’ (फ्लिप, म्हणजे नवी फ्रेम पडद्यावर येणे, मुदतीत पूर्ण झाले नाही) असा संदेश येतो; पडदा थोडा अधिक वेळ बंद ठेवला तर तसे होत नाही. हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर धावणाऱ्या फंक्शनमध्ये) आधी स्टेटस वाचला जातो, मग ज्या पाइपचा बिट लागलेला असेल त्याचे व्हीब्लँकचे (दोन फ्रेममधील रिकाम्या वेळेचे) काम होते आणि शेवटी सर्व बिटांवर १ लिहून रजिस्टर साफ केले जाते. पडदा बंद होताना कंट्रोलरचे पॉवर डोमेनही (वीजपुरवठ्याचा विभागही) बंद होते. या दोन्ही दोषांचे मूळ एकच असू शकेल का?

उत्तर १

दोन्हींची मुळे वेगळी आहेत. अडखळण्याचे कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. दोन मोडमधील फरक ०.०६ हर्ट्झचा, म्हणजे दर १६.७ सेकंदांनी दोन्ही पाइपचे व्हीब्लँक एकाच क्षणी येतात. त्या वेळी हँडलर पहिल्या पाइपच्या कामात असताना दुसऱ्याचा बिट लागतो, आणि शेवटी सरसकट १ लिहिल्यामुळे तो कोणी न पाहताच पुसला जातो. दोन पाइपमधील अंतर प्रत्येक फ्रेममागे सुमारे १७ मायक्रोसेकंद सरकते. हँडलर तेवढा वेळ घेत असेल, तर प्रत्येक फेरीत एक इंटरप्ट गमावणे अटळच आहे.

स्टेटस वाचल्याबरोबर नेमकी तीच किंमत परत लिहा आणि पाइपचे काम त्यानंतर करा. मध्येच नवा बिट लागला तरी लाइन चढलेलीच राहील आणि हँडलर पुन्हा बोलावला जाईल. लिहिल्यावर तेच रजिस्टर एकदा वाचून घ्या, कारण लिहिलेले कंट्रोलरपर्यंत पोहोचण्याआधीच हँडलर संपला तर लाइन अजून चढलेली असते आणि हँडलर रिकाम्या स्टेटसवर पुन्हा धावतो. अशा वेळी ‘हा इंटरप्ट माझा नाही’ हेच उत्तर द्यायला हवे. दर वेळी ‘हाताळला’ असे सांगून हे झाकण्याचा मोह टाळावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे: एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले तर कर्नल ती लाइन बंद करतो, आणि खोट्या उत्तराने ते संरक्षणच निकामी होते.

उत्तर २

गोठण्याबद्दल लिहितो. तुमच्या डिसेबल फंक्शनमध्ये ‘डीआरएम_सीआरटीसी_व्हीब्लँक_ऑफ’ बोलावलेले दिसत नाही, असा माझा अंदाज आहे. शेवटचा वापरकर्ता गेल्यावरही कर्नल व्हीब्लँक इंटरप्ट लगेच बंद करत नाही. मूळ सेटिंगनुसार तो ५,००० मिलिसेकंद थांबतो. पडदा या पाच सेकंदांच्या आत परत चालू झाला, तर कर्नलच्या नोंदीप्रमाणे इंटरप्ट चालूच असतो आणि म्हणून तो तुमचे एनेबल फंक्शन बोलावत नाही. पण दरम्यान पॉवर डोमेन बंद पडल्याने हार्डवेअरमधील एनेबल बिट शून्य झालेला असतो. फ्लिप पूर्ण होण्याची वाट पाहण्याची मर्यादा दहा सेकंद आहे, तीच तुम्हाला दिसते आहे. पाच सेकंदांनंतर नोंद आणि हार्डवेअर यांचा मेळ बसतो, म्हणून तेव्हा दोष जाणवत नाही. पॉवर काढण्यापूर्वी ऑफ आणि पॉवर दिल्यानंतर ऑन, हा क्रम पाळा. अॅटॉमिक हेल्पर (कर्नलची तयार सहायक फंक्शने) वापरत असाल, तर ड्रायव्हर ऑफ करायला विसरला अशी सूचना लॉगमध्ये असेल. ती एकदाच छापली जाते, म्हणून लॉग अगदी सुरुवातीपासून पाहा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ती सूचना लॉगमध्ये सापडली, आणि दोन्ही बदलांनंतर अडखळणे व गोठणे थांबले आहे. आता एकच शंका उरते. भार वाढला की क्वचित चित्र वरच्या भागात फाटते. मी आधी इव्हेंट (फ्लिप झाल्याची सूचना) आर्म करतो, म्हणजे पुढच्या व्हीब्लँकला पाठवण्यासाठी नोंदवतो, मग प्लेनची (चित्राच्या थराची) रजिस्टरे लिहितो आणि शेवटी ‘गो’ बिट लावतो. पुढच्या व्हीब्लँकला हार्डवेअर नवी किंमत उचलून तो बिट स्वतः उतरवते.

उत्तर ३

आर्म करणे आणि ‘गो’ लावणे यांच्या मध्ये व्हीब्लँक आला, तर इव्हेंट एक फ्रेम आधीच जातो. कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून चित्र बनवणारा प्रोग्राम) जुना बफर मोकळा झाला असे समजून त्यात लिहू लागतो, आणि पडद्यावर अजून तोच बफर वाचला जात असतो. क्रम उलटा केल्यास इव्हेंट क्वचित एक फ्रेम उशिरा जाईल. ते तुलनेने निरुपद्रवी असले तरी बरोबर नाही. १०८०पी च्या ६० हर्ट्झ मोडमध्ये एक ओळ १४.८ मायक्रोसेकंदांची आणि ४५ ओळींचा व्हीब्लँक सुमारे ६६७ मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे भाराखाली वेळेच्या अंदाजावर विसंबून चालणार नाही. इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर स्कॅनलाइन (त्या क्षणी रंगवली जाणारी ओळ) पाहून व्हीब्लँक जवळ आला असेल तर लिहिणेच पुढे ढकलतो. तुमच्याकडे ‘गो’ बिट असल्याने तेवढा खटाटोप लागणार नाही.

इव्हेंट आर्म करू नका. व्हीब्लँकचा संदर्भ (इंटरप्ट चालू ठेवण्याची नोंद) घेऊन इव्हेंट ड्रायव्हरच्या स्वतःच्या रचनेत ठेवा आणि ‘गो’ बिट इव्हेंट_लॉक (डीआरएमचे इव्हेंटसाठीचे कुलूप) धरूनच लावा. हँडलरने तेच लॉक घेऊन ‘गो’ बिट वाचावा: तो उतरलेला असेल तरच इव्हेंट पाठवून संदर्भ सोडावा, अन्यथा पुढच्या व्हीब्लँकची वाट पाहावी. प्रोसेस संदर्भात (हँडलरबाहेरील साध्या कोडमध्ये) हे लॉक घेताना स्थानिक इंटरप्ट बंद करणारे रूपच वापरा, नाहीतर त्याच सीपीयूवर हँडलर आला की डेडलॉक होईल (दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतील). बदलानंतर मोडटेस्ट या चाचणी प्रोग्रामचा व्हीसिंक पर्याय दोन्ही पाइपवर आळीपाळीने चालवा आणि त्याच वेळी सीपीयूवर भरपूर भार टाका. भाराखाली चित्र त्यानंतरही फाटत असेल, तर इव्हेंट अजूनही लवकर जात आहे असे समजावे.