मदत हवी आहे : नोकरी सांभाळून पुरातत्त्वाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम

मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून बोरिवलीत राहते आणि सोमवार ते शुक्रवार नोकरी करते. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांमधून वारंवार भटकताना तेथील ब्राह्मी शिलालेख आपल्याला वाचता येत नाहीत, याची खंत वाटू लागली. नालासोपाऱ्याचा स्तूप पाहिल्यावर तर, जेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले, त्या जागेविषयी आपण शेजारी राहूनही किती अनभिज्ञ आहोत हे जाणवले.

मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आणि शहरातील काही महाविद्यालये यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांपैकी एखादा आपण पूर्ण केला असल्यास कृपया अनुभव सांगावा. वर्ग शनिवार-रविवारी भरतात का, आणि स्थळदर्शनापलीकडे खापरांचे वर्गीकरण, स्तरांची नोंद, रेखाटन असे काही प्रत्यक्ष हाताने करायला मिळते का? (केवळ सहलींसाठी शुल्क भरण्याची माझी तयारी नाही.) पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. करायचे ठरवल्यास अशा प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी कितपत उपयोग होतो, हेही तेथे शिकलेल्यांनी कळवल्यास मी आभारी राहीन.