जर्मनीत चौथीचं गणित: मांडणी वेगळी, घरी कसं शिकवावं?

स्टुटगार्टची_आई
मुलगा तिसरीपर्यंत महाराष्ट्रात मराठी माध्यमात होता, आता इथे चौथीत आहे. गुणाकाराचं उत्तर बरोबर असूनही मांडणीचे गुण जातात, आणि वजाबाकी तर पूर्वी चुकत नव्हती ती आता चुकते. घरी जुनी पद्धत बंद करावी का? नेमकं काय वेगळं आहे?

अंकमित्र
आधी वजाबाकी बघा, तिथे खरा घोळ आहे. ५२३ − १७८ करताना आपण दशक सुटा करतो: ३ मधून ८ जात नाहीत, शेजारच्या २ मधला एक घेतला, १३ मधून ८ गेले, उरले ५. जर्मनीत बऱ्याच शाळांत मिळवत जायची रीत असते. ८ मध्ये किती मिळवले की १३? ५. वरचा २ तसाच राहतो आणि हातचा १ खालच्या ७ जवळ बारीक लिहायचा. ७ आणि १ आठ, ८ चे १२ व्हायला ४. पुन्हा हातचा, १ आणि १ दोन, २ चे ५ व्हायला ३. उत्तर ३४५.

मुलं वरचा अंकही कमी करतात आणि खाली हातचाही लिहितात. मग उत्तर २३५ येतं, म्हणजे ११० ने कमी. वहीतली चुकलेली उत्तरं काढून बघा. फरक १०, १०० किंवा ११० असेल तर मुलाला वजाबाकी येते, फक्त दोन रीती एकमेकींत शिरल्या आहेत. मात्र काही राज्यांत, काही शाळांत आपल्यासारखी सुटे करायचीच रीत शिकवतात, त्यामुळे आधी बाईंना विचारा. जी शाळेत आहे तीच घरी ठेवा, निदान वर्षभर.

रेषेवरचं_गणित
गुणाकार: २३४ · ५६ एका ओळीत लिहून खाली रेघ मारतात. चिन्ह फुलीचं नाही, मधल्या उंचीवरचं टिंब. आपण ६ ने सुरू करतो, इथे डावीकडच्या ५ ने. ११७० लिहायचे, शेवटचा शून्य बरोबर ५ च्या खाली. मग १४०४, त्यातला शेवटचा ४ बरोबर ६ च्या खाली. बेरीज १३१०४. मुलं सवयीने दुसरी ओळ डावीकडे सरकवतात आणि सगळं बिघडतं; इथे ती उजवीकडे सरकते. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक, हा नियम कडक पाळायला लावा. बेरजेचा हातचा वर नाही, उत्तराच्या रेघेवर बारीक लिहितात.

भागाकाराला ÷ किंवा आपला कंस नाही. ९४५ : ७ = १३५ असं आडवं लिहून वजाबाक्या ९४५ च्या खाली उतरवायच्या.

स्टुटगार्टची_आई
आत्ताच वही बघितली, दोन वजाबाक्यांत फरक नेमका ११० आहे! भागाकारात मात्र ६१८ : ६ = १३ असं लिहिलंय. हे कशामुळे?

दशांशचिन्ह
आपल्या मांडणीत भागाकाराचा प्रत्येक अंक भाज्याच्या अंकावर बसतो, त्यामुळे १ वर ६ चा भाग जात नाही तेव्हा रिकामी जागा डोळ्यांना दिसते. इथे उत्तर लांब उजवीकडे असतं, शून्य गळला तरी काही खटकत नाही. उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच विचारायचं, पहिला भाग कुठल्या अंकावर जातो? ६ वर. म्हणजे उत्तर तीन अंकी, म्हणून बरोबरच्या चिन्हापुढे तीन टिंबं काढून ठेवायची आणि ती भरायची. शेवटी १०३ · ६ करून ताळा. तो इथे बहुतेक शाळांत लिहूनच मागतात.

स्वल्पविराम आणि टिंब उलटे आहेत हेही पक्कं करा. १,२५० म्हणजे इथे सव्वा, साडेबाराशे नव्हे, साडेबाराशे १.२५० असे लिहितात. आपले १,२५,००० इथे १२५.००० होतात. १ ला डावीकडे लांब तिरपी रेघ असते, म्हणून ७ ला मधे आडवी रेघ न दिल्यास तपासणाऱ्याला १ वाटू शकतो.

अंकमित्र
पाढे बंद करू नका. इथे दहा दाहे शंभरपर्यंतच पाठ असतात, त्यामुळे बारा-पंधराचे पाढे भागाकारात उपयोगी पडतात. फरक एवढाच की आपला चारचा पाढा 'चार त्रिक बारा' म्हणजे ४ × ३ असा चालतो, इथे त्याच ओळीत ३ · ४ लिहितात, चारचे तीन गट. तीन ताटल्यांत चार-चार सफरचंदांचं चित्र असेल तर ३ · ४ लिहायला सांगा.

संख्यालेखनात मराठी मुलाला उलट सोयीचं जातं. पंचेचाळीसमध्ये पाच आधी, जर्मनीतही पाच आधी. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला, जर्मनीतही 'वीस एक' म्हणावं असा आग्रह धरणारी मंडळी आहेत.) तरी ऐकताऐकता ५ आधी लिहून मग डावीकडे ४ घालायची सवय लागू देऊ नका, मोठ्या संख्येत अंक उलटतात. पूर्ण शब्द ऐकायचा आणि मग डावीकडून लिहायचं.