ग्वांतानामोचे कैदी: खटलाही नाही, सुटकाही नाही. कायद्यात हे बसतं कसं?

विधी_नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूट कोर्टसाठी (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यासाठी) 'बूमेदिएन विरुद्ध बुश' हा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल वाचतोय आणि एका मुद्द्यावर अडलोय.

ग्वांतानामोतली (क्यूबातल्या अमेरिकी नाविक तळावरच्या तुरुंगातली) माणसं युद्धकैदी असतील तर युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणारा जिनिव्हा करार लावा आणि युद्ध संपलं की सोडा. गुन्हेगार असतील तर आरोपपत्र ठेवा, खटला चालवा. तिथे दोन्ही झालेलं दिसत नाही. मग इतकी वर्षं लष्करानं त्यांना कशाच्या आधारावर ठेवलं? आणि आज तिथे कुणी आहे का?

घरी विषय काढला तर काका म्हणाले, "अतिरेक्यांना कसले आलेत मानवाधिकार!" त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे, पण मला ते देता आलं नाही.

गिरगावकर

काकांचं बरोबर आहे. २६/११ ला माझा मावसभाऊ सीएसटीवर होता. वाचला, पण पायात सळई घेऊन जगतोय. ज्यांनी हे केलं त्यांच्या हक्कांची चर्चा वाचली की डोकं फिरतं. ज्यांची माणसं गेली त्यांच्या हक्कांचं काय ते आधी बोला.

फौजदारी_वकीलताई

गिरगावकर दादा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. तुमचा राग मी खोडून काढणार नाही. पण सीएसटीचंच उदाहरण घेऊ, कारण त्या प्रकरणात आपण काय केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

कसाबवर ऑर्थर रोड तुरुंगात खास कोर्ट उभारून खटला चालला. त्याला सरकारी खर्चानं वकील मिळाला. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, हायकोर्टानं आणि सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात ती अमलात आली. याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी होते. त्यांनी हल्ल्याच्या ठिकाणांचे हाती काढलेले नकाशे पुरवले, असा आरोप होता. एक नकाशा कसाबचा मारला गेलेला साथीदार अबू इस्माईल याच्या खिशात सापडल्याचं सांगितलं गेलं. कोर्टानं तो कागद पाहिला. कपडे रक्तानं भिजलेले आणि कागदावर रक्ताचा डाग नाही. दोघेही सुटले, आणि ती सुटका सुप्रीम कोर्टातही टिकली. कोर्टच नसतं तर हे दोघे कसाबच्याच रांगेत बसून राहिले असते, आणि तुम्हाआम्हाला त्यात काही वावगं वाटलंही नसतं.

विधी, आता तुझा प्रश्न. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आठवड्याभरात अमेरिकी काँग्रेसनं अध्यक्षांना लष्करी बळ वापरायचा अधिकार दिला. सरकारनं त्याचा अर्थ असा लावला की अल कायदा आणि तालिबानच्या माणसांना युद्ध चालू असेपर्यंत पकडून ठेवता येतं. त्यांना 'एनिमी कॉम्बॅटंट' (शत्रूचे लढवय्ये) ठरवलं आणि युद्धकैद्याचा दर्जा मात्र नाकारला. बरं, हे युद्ध संपलं असं जाहीर करणार कोण? ज्यानं डांबून ठेवलंय तोच. जागाही विचार करून निवडली होती. ग्वांतानामोचा नाविक तळ १९०३ पासून भाडेपट्ट्यानं अमेरिकेकडे आहे, पण जमिनीवर सार्वभौमत्व क्यूबाचं. म्हणजे अमेरिकी कोर्टांचा हात तिथवर पोचणार नाही, असा हिशेब. ११ जानेवारी २००२ ला पहिले २० कैदी आले आणि त्यांना जाळीच्या उघड्या पिंजऱ्यांत ठेवलं. पुढे एकूण जवळपास ७८० माणसं तिथे गेली. बहुतेकांवर कधीच आरोप ठेवला गेला नाही.

यातले कितीतरी जण रणांगणावर अमेरिकी सैनिकांनी पकडलेलेच नव्हते. पाकिस्तानी यंत्रणांनी आणि अफगाण टोळ्यांनी त्यांना हवाली केलं, आणि माणूस आणून दिला की बक्षीस मिळत होतं. माझ्या कोर्टात खबऱ्याच्या एका वाक्यावर कुणाला उभं केलं तर मी पहिला प्रश्न विचारते: याला पैसे किती मिळाले? तिथे हा प्रश्न विचारायला वर्षानुवर्षं कुणी नव्हतं.

तू ज्याचं नाव वाचतोयस तो लखदार बूमेदिएन मूळचा अल्जेरियाचा. बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, रेड क्रेसेंट या मदतसंस्थेत काम करायचा. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकी वकिलात उडवण्याच्या कटाच्या संशयावरून बोस्नियात त्याच्यासह सहा जणांना अटक झाली. तपास झाला, पुरावा मिळाला नाही, आणि जानेवारी २००२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सोडायचा आदेश दिला. सोडल्यासोड त्यांना अमेरिकेच्या ताब्यात दिलं गेलं. नंतर बूमेदिएननं अन्नत्याग केला, तेव्हा त्याला खुर्चीला जखडून नाकातून नळी घालून दिवसातून दोनदा जबरदस्तीनं अन्न भरलं जाई. हे दोन वर्षांहून जास्त चाललं.

जून २००८ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की या कैद्यांनाही हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडीला कोर्टात आव्हान देण्याचा, घटनात्मक हक्क आहे. म्हणजे पहिल्यांदा सरकारला न्यायाधीशासमोर सांगावं लागलं की या माणसाला का धरलंय. तोवर सरकारनं वकिलातीचा आरोप स्वतःच सोडून दिला होता. उरलं काय, तर हे लोक अफगाणिस्तानात लढायला जाणार होते असा दावा, आणि त्यालाही एका निनावी माणसाच्या माहितीचा आधार. न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये सहापैकी पाच जणांना सोडायला सांगितलं. लिऑन यांची नेमणूक तेव्हाचे अध्यक्ष बुश यांचीच, म्हणून हा निकाल मला जास्त बोलका वाटतो.

आपल्याकडे अटकेपासून २४ तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात. साहेब फाईलमधून मान वर करून विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" बहुतेक जण 'नाही' म्हणतात, कधी घाबरूनही म्हणतात. पण एकदा एक पोरगा गप्प राहिला आणि त्यानं नुसता शर्ट वर केला. साहेबांनी तिथल्या तिथे वैद्यकीय तपासणी लावली. त्या पोराला हक्काबिक्काची भाषा येत नव्हती. त्याला समोर एक तिऱ्हाईत माणूस मिळाला, ज्याला पोलिसांना जाब विचारता येतो. बूमेदिएनला असा माणूस मिळायला जवळजवळ सात वर्षं लागली.

अवांतर: आपलं सगळं चोख आहे असं मी म्हणत नाहीये. २४ तासांची हमी देणाऱ्या अनुच्छेद २२ मधूनच प्रतिबंधात्मक स्थानबद्धता (पुढे काही करेल या शक्यतेवरून आधीच डांबणं) वगळलेली आहे. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात आरोपपत्रालाच १८० दिवस मिळू शकतात. मूटमध्ये कुणी हे तोंडावर फेकलं तर मान्य कर आणि पुढे जा.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या भागातून रोज न्यूयॉर्कला कामाला जाणारी बरीच माणसं त्या हल्ल्यात गेली. गिरगावकरांचा प्रश्न इथेही विचारला जातो, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

हल्ल्याचा सूत्रधार म्हणून ज्याचं नाव घेतात तो खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. सीआयएनं त्याला गुप्त कोठडीत ठेवून १८३ वेळा वॉटरबोर्डिंग केलं (तोंडावर कापड टाकून पाणी ओतत गुदमरवणं). आता त्याच्या कुठल्या जबाबाला छळाचा वास नाही, यावरच लष्करी आयोगापुढे (ग्वांतानामोतल्या लष्करी न्यायालयापुढे) वर्षानुवर्षं वाद चालू आहे. खटला अजून पूर्ण झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये फाशी टाळून गुन्हा कबूल करण्याचा करार झाला, दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो फिरवला, आणि २०२५ मध्ये अपील कोर्टानंही तो रद्द ठरवला. करार हवा की नको यावर नातेवाइकांतच दोन तट आहेत. काही आईवडील निकालाची वाट बघत वारलेसुद्धा.

उलट मुंबई हल्ल्याची रेकी करणाऱ्या हेडलीला शिकागोच्या साध्या फेडरल कोर्टात २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. छळानं पीडितांना न्याय मिळालेला नाही, उलट त्यांचा खटलाच नासवून टाकला.

आज कोण आहे म्हणाल, तर जानेवारी २०२५ मध्ये ११ येमेनी ओमानला पाठवल्यावर १५ जण उरले. त्यातला अबू झुबैदा २००२ पासून ताब्यात आहे आणि त्याच्यावर आजवर एकही आरोप ठेवलेला नाही.

गिरगावकर

फहीम अन्सारी सुटल्याचं माहीत होतं, नकाशाचं नव्हतं. कसाबला फाशी झाली ती कोर्टातून झाली, हे मला पटतं. भावाला हा धागा वाचायला देतो. पण जे खरोखर दोषी आहेत त्यांच्याबद्दल माझं मन बदललेलं नाही.

विधी_नाशिक

ताई, जर्सीकर, खूप आभार. ताई, एक शंका. २००८ ला हक्क मिळाला, मग त्यानंतर सगळ्यांना सुटायला हवं होतं ना?

फौजदारी_वकीलताई

हक्क कागदावर राहिला आणि पुढे वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं तो पोकळ केला. अदनान लतीफचं प्रकरण काढ. हा येमेनी. अपघातात डोक्याला मार लागला होता, उपचारासाठी पाकिस्तान-अफगाणिस्तानात गेलो होतो असं तो सांगे, आणि पकडला तेव्हा त्याच्याजवळ वैद्यकीय कागद होते. जिल्हा न्यायाधीशांनी २०१० मध्ये सुटकेचा आदेश दिला. सरकार अपिलात गेलं. २०११ मध्ये बहुमतानं म्हटलं की सरकारी गुप्तचर अहवाल नीट तयार झालाय असंच गृहीत धरायला हवं. म्हणजे तो खोटा ठरवायचं ओझं कैद्यावर. न्यायाधीश टेटल यांनी कडक विरोधी मत लिहिलं. सुप्रीम कोर्टानं जून २०१२ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला आणि सप्टेंबरमध्ये लतीफ ग्वांतानामोतच मेला.

समोरची बाजू तुला याच निकालावर धरणार, तेव्हा बूमेदिएन जरा बाजूला ठेव आणि आधी टेटल यांचं मत वाच. निकालात गुप्ततेसाठी पानंच्या पानं काळी करून झाकलेली आहेत, त्यामुळे वेळ लागेल. आणि काकांशी बोलताना कलमं सांगत बसू नकोस, फहीम अन्सारीच्या नकाशापासून सुरुवात कर.