यहूदाचा शेवट, दाविदाचं खळं : वर्गात मेळ कसा घालायचा?

मिरज_अभ्यासवर्ग

सर्वांना सलाम. मिरजेत रविवारी उपासनेनंतर तरुणांचा बायबल अभ्यासवर्ग भरतो. वीसेक जण, वेळ दीड तास. मुलं मोबाइलवरून विसंगतींच्या लांबलचक याद्या घेऊन येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जागा खरंच अवघड आहेत. पुढचे पाच रविवार हाच विषय घ्यायचा आहे. सध्या पुढ्यात आहेत त्या जागा अशा :

मत्तय २७:५ मध्ये येशूला दगा देणारा यहूदा इस्कर्योत गळफास घेतो. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये तो पालथा पडतो, पोट फुटतं, आतडी बाहेर येतात. दग्याच्या पैशाचं शेत एकीकडे याजक विकत घेतात, दुसरीकडे तोच घेतो.

२ शमुवेल २४ आणि १ इतिहास २१. शिरगणती एकच, पण दाविदाला तशी बुद्धी एकीकडे परमेश्वर देतो, दुसरीकडे सैतान. त्यानंतर दाविदाने घेतलेल्या खळ्याची किंमत एकीकडे ५० शेकेल (जुनं वजन) रुपं म्हणजे चांदी, दुसरीकडे ६०० शेकेल सोनं.

अहज्या राजा झाला तेव्हा २२ वर्षांचा (२ राजे ८:२६) की ४२ (२ इतिहास २२:२)?

दमास्कसच्या वाटेवर पौलाला येशूची वाणी झाली, ती त्याच्या सोबत्यांनी ऐकली (कृत्ये ९:७) की नाही ऐकली (२२:९)?

'विश्वास ठेवा, खोलात जाऊ नका' असं सांगून कुणाला गप्प करायचं नाही. ओढूनताणून जुळवलेलं उत्तरही नको, ते मुलांना चटकन कळतं. सुरुवात कुठून करावी, फळ्यावर काय मांडावं?

वाचक_कराड

पहिल्या रविवारी अहज्या घ्या, कारण तिथे मत लागत नाही, वजाबाकी लागते. त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी गादीवर आला, ८ वर्षं राज्य केलं आणि मेला (२ इतिहास २१:२०). म्हणजे मरताना वय ४०. त्याच्यामागे लगेच मुलगा बसला. तो ४२ चा असेल तर बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो! त्यात २२:१ सांगतं की हा सगळ्यांत धाकटा मुलगा. दोन्ही आकडे एकाच पुस्तकात, अवघ्या तीन वचनांच्या आत आहेत. लेखकाला बाप-लेकाचं वय कळत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. नक्कल उतरवणाऱ्याच्या हातून आकडा बिघडला आहे. जुन्या सुरियानी भाषांतरात इथे २२ च आहे. काही नव्या भाषांतरांत २२ छापून ४२ तळटीपेत दिलेले असतात, म्हणून वर्गात सगळ्यांच्या हातात एकच भाषांतर राहील एवढं बघा. नाहीतर पहिली पंधरा मिनिटं 'माझ्या प्रतीत असं नाही' यातच जातात.

जोडीला यहोयाखीन घ्या : १८ वर्षांचा (२ राजे २४:८) की ८ (२ इतिहास ३६:९)? हिब्रूत 'अठरा' म्हणजे 'आठ' आणि 'दहा' असे दोन शब्द. 'दहा' गळला की आठ उरतात. आणि २ राजे २४:१५ मध्ये त्याच्या बायकांना बाबेलला नेल्याची नोंद आहे, ती आठ वर्षांच्या पोराला लागू पडत नाही.

पण ही किल्ली जपून वापरा. 'नकलेतली चूक' असं तिथेच म्हणावं जिथे जुन्या प्रतींत वेगळा पाठ सापडतो किंवा मजकुरातलाच हिशेब ती चूक उघडी करतो. खळ्याच्या किमतीला यातलं काहीच नाही, तिथे लेखनिकाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

फळ्यावर तीन रकाने आखा. 'पहिला काय सांगतो', 'दुसरा काय सांगतो', 'दोघंही काय सांगत नाहीत'. पहिले दोन भरताना फक्त क्रियापदं आणि कर्ते लिहायचे. प्रवचनात ऐकलेलं, चित्रात पाहिलेलं काही घ्यायचं नाही. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. आपण जी जोडणी करतो ती नेहमी तिथून उचललेली असते, आणि ती आपण केली आहे हे मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

घरचा अभ्यास द्यायचा तर एज्रा २ आणि नहेम्या ७ मधली बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांची यादी द्या. एकूण दोन्हीकडे ४२,३६०. पण घराण्यांची बेरीज केली तर एज्रात २९,८१८ आणि नहेम्यात ३१,०८९ भरते. अजगादाचे वंशज एकीकडे १,२२२, दुसरीकडे २,३२२. आकडे नकलेत कसे सरकतात ते स्वतः बेरीज केल्यावर जितकं कळतं तितकं सांगून कळत नाही.

कृष्णाकाठ_वाई

यहूदाबद्दल लिहितो.

नेहमीचं उत्तर असं : फास घेतला, दोर तुटला किंवा फांदी मोडली, खाली पडला, पोट फुटलं. हे अशक्य नाही. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात तर कृत्यांतल्या त्या वचनातच 'टांगलेला' हा शब्द आला आहे, म्हणजे हा मेळ पंधराशे वर्षांहून जुना. पण कराडकरांच्या तिसऱ्या रकान्यात बघा काय काय पडतं : दोर, झाड, कडा, तुटणं. यातलं एकही मत्तयात नाही, कृत्ये लिहिणाऱ्या लूकमध्येही नाही. म्हणून वर्गात 'असं घडलं' म्हणू नये, 'असं घडलेलं असू शकतं' म्हणावं. ग्रीक शब्दाचा अर्थ 'पालथा' नसून 'सुजून' असा लावणारेही आहेत, पण तो आधार कच्चा आहे. तो टाळा.

शेताचं काय? मत्तयात याजक म्हणतात की हे रक्ताचं मोल आहे, मंदिराच्या खजिन्यात चालत नाही. पैसा मंदिराने स्वीकारला नाही, म्हणजे तो यहूदाचाच राहिला. त्या पैशाने घेतलेली जमीन त्याच्या खाती धरली, असं म्हणता येतं. व्यवहार दुसऱ्याने करायचा आणि सातबाऱ्याला नाव पैसेवाल्याचं लागायचं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एवढा मेळ मला रास्त वाटतो. पण नावाचं कारण उरतंच. मत्तयात 'रक्ताचं शेत' हे नाव रक्ताच्या पैशावरून, कृत्यांत त्याच्या तिथल्या भयंकर मरणावरून. एका नावाची दोन कारणं लोकांच्या तोंडी असू शकतात, यापलीकडे मी जाणार नाही.

याहून मोलाचं काय ते सांगतो. मत्तयाने 'गळफास घेतला' यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरलं, तेच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात २ शमुवेल १७:२३ मध्ये अहिथोफेलासाठी आहे. अहिथोफेल म्हणजे दाविदाचा सल्लागार, त्यानेच दगा दिला आणि घरी जाऊन फास घेतला. मत्तय यहूदाचं मरण त्या सावलीत दाखवतो, कारण त्याच्या लेखी येशू हा दाविदाचा पुत्र. लूकचं लक्ष वेगळीकडे आहे. तिथे पेत्र बारा शिष्यांत यहूदाच्या रिकाम्या झालेल्या जागेबद्दल बोलतोय. पुढच्याच वचनांत स्तोत्र ६९ आणि १०९ येतात आणि मत्थियाची निवड होते. हे मुलांनी एकदा पाहिलं की दोर तुटला की नाही यावर तासभर घालवावासा वाटत नाही.

ओघात येईल म्हणून सांगतो : मत्तय २७:९ यिर्मयाचं नाव घेतो, पण तीस रुपये आणि कुंभार जखऱ्या ११ मध्ये आहेत. तिथे यिर्मया १९ उघडा. कुंभाराचं मडकं, निर्दोषांचं रक्त, पुरण्याची जागा, सगळं तिथे आहे. शिवाय ३२ व्या अध्यायात शेताची खरेदी. मत्तयाने दोघांचे धागे एकत्र विणले आणि नाव मोठ्या संदेष्ट्याचं दिलं. मार्क १:२ मध्येही यशयाचं नाव घेऊन आधी मलाखीचे शब्द येतात.

मिरज_अभ्यासवर्ग

मनापासून आभार. तीन रकान्यांनी बरंच सुटेल. खळ्याबद्दल कुणी लिहील का? आणि एक शंका. 'मजकूर बिघडला आहे' असं वर्गात मोकळेपणाने म्हटलं तर पालक म्हणतील, तुम्ही पोरांचा विश्वास डळमळवता.

द्राक्षवेल_तासगाव

पालकांना ऑगस्टीन दाखवा. त्याने जेरोमला लिहिलेल्या पत्रात सरळ म्हटलं आहे की शास्त्रात विरोध वाटला तर एक तर प्रत सदोष असेल, किंवा भाषांतरकाराचं चुकलं असेल, किंवा मला समजलं नसेल. चौथ्या-पाचव्या शतकातला मंडळीचा एवढा मोठा शिक्षक हे म्हणतो, तर आपण म्हणायला कचरू नये.

आता खळं. आकड्यांच्या आधी शब्द बघा. २ शमुवेल २४:२४ : दाविदाने 'खळं आणि बैल' ५० शेकेल रुप्याला घेतले. १ इतिहास २१:२५ : 'जागे'साठी ६०० शेकेल सोनं दिलं. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा. म्हणजे एकीकडे अर्धा किलोहून थोडी जास्त चांदी, दुसरीकडे साडेसहा किलोहून जास्त सोनं. ही तफावत घासाघिशीची नाही, वस्तूच वेगळी असली पाहिजे. खळं म्हणजे काय ते आपल्या भागात ठाऊक आहे : सारवलेली गोल जागा, मधोमध तिवडा, भोवती बैल फिरतील एवढीच. गुंठाभरात बसते. आणि इतिहासाचा लेखक सांगतोय तो अख्खा माळ, ज्यावर पुढे शलमोनाने मंदिर बांधलं (२ इतिहास ३:१). खळ्याची खरेदी वेगळी, सबंध जागेची वेगळी, असा मेळ इथे बसतो आणि तो मजकुरातल्या शब्दांवर उभा आहे. जुन्या यहूदी गुरूंनी निराळा हिशेब केला होता : बारा वंश, प्रत्येकाकडून ५०, मिळून ६००. गणित सुरेख आहे, पण रुप्याचं सोनं कसं झालं ते त्यातून कळत नाही.

इतिहासाचा लेखक इथे दाविदाच्या तोंडी 'पूर्ण किंमत' हे शब्द घालतो. उत्पत्ती २३ मध्ये अब्राहाम सारेच्या कबरीसाठी मकपेलाची गुहा मागतो तिथेही हिब्रूत हेच शब्द आहेत. वचनदत्त देशात आपल्या मालकीची पहिली जमीन अब्राहामाने पूर्ण मोल देऊन घेतली, मंदिराची जागाही तशीच घेतली गेली, असं त्याला दाखवायचं आहे. हे दोन अध्याय वर्गात मोठ्याने, लागोपाठ वाचून घ्या.

चिथावणी कुणाची? शमुवेलात परमेश्वराची, इतिहासात सैतानाची, आणि हिब्रू क्रियापद दोन्हीकडे एकच. तेच क्रियापद ईयोब २:३ मध्ये आहे, जिथे परमेश्वर सैतानाला म्हणतो की विनाकारण तू मला त्याच्याविरुद्ध चिथावलंस. ईयोबाच्या पुस्तकात सैतान हात उगारतो, पण परवानगीवाचून उगारत नाही. त्या चौकटीत दोन्ही वचनं एकत्र उभी राहतात. शमुवेलाचा जुना लेखक थेट शेवटच्या मालकाचं नाव घेतो. बाबेलच्या बंदिवासानंतरचा, म्हणजे इतिहासाचा लेखक मधल्या हाताचं नाव घेतो, कारण पाप करायला देवच लावतो असा अर्थ वाचणाऱ्याने काढू नये ही त्याला काळजी आहे.

त्याच प्रसंगात शिक्षा म्हणून दाविदापुढे ठेवलेली दुष्काळाची वर्षं (शमुवेलात ७, इतिहासात ३) मात्र प्रतींच्या गटात टाका. शमुवेलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तिथेही ३ च आहेत. शिरगणतीच्या आकड्यांना माझ्याकडे पटेल असा मेळ नाही. शमुवेलात इस्राएलचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख, इतिहासात ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. १ इतिहास २१:६ म्हणतं की लेवी आणि बन्यामीन मोजलेच नाहीत, पण तेवढ्याने हिशेब लागत नाही.

सातारा_नवाकरार

पौलाच्या सोबत्यांविषयी एक सावधगिरी. बऱ्याच टीकाग्रंथांत लिहिलेलं असतं की ९:७ मध्ये 'ऐकणे' या ग्रीक क्रियापदापुढे षष्ठी आहे म्हणून नुसता आवाज ऐकला, आणि २२:९ मध्ये द्वितीया आहे म्हणून अर्थ कळला नाही. ऐकायला पक्कं वाटतं, पण लूक स्वतः हा नियम पाळत नाही. पौलाने स्वतः वाणी ऐकली तिथे ९:४ मध्ये द्वितीया आहे, २२:७ मध्ये षष्ठी, आणि दोन्हीकडे त्याला शब्द नीट कळले आहेत. वर्गात एखाद्याने ग्रीक उघडलं तर हे उत्तर तिथेच कोसळेल.

व्याकरण सोडा, शब्दाचा वापर धरा. १ करिंथ १४:२ मध्ये हेच क्रियापद 'समजणे' या अर्थाने येतं : अन्य भाषेत बोलणाऱ्याचं कुणाला कळत नाही. मराठीतही 'पोरगं ऐकत नाही' म्हणतो तेव्हा त्याचे कान गेलेले नसतात. २२:९ मध्ये 'माझ्याशी बोलणाऱ्याची वाणी' असं आहे, म्हणजे बोलणं आणि त्याचा रोख. योहान १२:२९ मध्ये आकाशवाणी झाली तेव्हा जमावाला मेघगर्जना वाटली, तो जवळचा दाखला आहे.

वाईकरांच्या सावधपणाला माझा दुजोरा. सोळाव्या शतकात ओसियांडर या जर्मन धर्मपंडिताने चारही शुभवर्तमानांचा एक सलग वृत्तांत केला (१५३७). क्रम कुणाचाच हलवायचा नाही, थोडाही फरक दिसला तर प्रसंग वेगळा धरायचा, असा त्याचा नेम. परिणाम असा की याईराच्या मुलीला एकाहून अधिक वेळा मेलेल्यातून उठवावं लागलं. त्याच हट्टाने पेत्राने येशूला ओळखत नाही म्हटलं ते नकार तिनाचे सहा करणारेही झाले. मेळ घालताना पाचवंच शुभवर्तमान तयार होतंय का, हे तपासायला ही दोन उदाहरणं पुरतात.

पाचव्या रविवारी काठी घ्या. मार्क ६:८ मध्ये येशू बारा जणांना सांगतो, वाटेसाठी काठीवाचून काही घेऊ नका. मत्तय १०:१० आणि लूक ९:३ मध्ये काठीही नको. मत्तयाचं क्रियापद 'मिळवणे' असं आहे, म्हणून 'नवी काठी मिळवू नका, हातातली असू द्या' असा अर्थ निघतो आणि मत्तय सुटतो. लूकमध्ये मात्र मार्कचंच 'घेणे' आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. काठी दोन प्रकारची, एक आधाराची नि एक मारायची, असंही सुचवतात, पण शब्द तिन्हीकडे एकच आहे. तिघांचा गाभा एकच : शिदोरी नको, झोळी नको, पैसा नको. काठीचा मेळ मला बसलेला नाही. त्या दिवशी मुलांना तिन्ही वचनं लिहू द्या, क्रियापदांखाली रेघ ओढू द्या, आणि कुणी विचारलं तर बसत नाही असंच सांगा.

मिरज_अभ्यासवर्ग

ठरलं. अहज्या आणि यहोयाखीन, मग खळं, मग वाणी, चौथ्याला यहूदा, पाचव्याला काठी. खळ्याच्या दिवशी उत्पत्ती २३ सोबत वाचू. एज्रा-नहेम्याची बेरीज या शनिवारपर्यंत मी स्वतः करून ठेवतो.