मदत हवी आहे: ‘तू देवाचं लेकरू आहेस’ हे 14 वर्षांच्या मुलाला कसं सांगू?

संघातून वगळल्यापासून मुलगा सारखा म्हणतो, “मी कशाच्याच लायकीचा नाही.” झोप, जेवण, अभ्यास ठीक आहे. उपासनेलाही येतो.

आम्ही बायबलमधलं मत्तय 3 एकत्र वाचलं. येशूचं सेवाकार्य सुरू होण्याआधीच पित्याने त्याला ‘माझा पुत्र’ म्हटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. तो चादरीचा दोरा ओढत बसला आणि म्हणाला, “पप्पा, तो येशू होता.”

चर्चचे पाळक भेटायला तयार आहेत, पण तो नको म्हणतो. इफिसकरांस 6:4 (वडिलांनी मुलांना चिडीस आणू नये) लक्षात ठेवून मी जबरदस्ती करणार नाही.

आता रोमकरांस 8:15-17 वाचायचा विचार आहे. त्यातला दत्तकपणा, म्हणजे देव आपल्याला स्वतःची मुलं म्हणून स्वीकारतो हे, या वयाच्या मुलांना तुम्ही कसा समजावलात?