धागा: उन्हाळ्यात धरणावर गळ टाकलाय का? अनुभव लिहा

नौपाडा, ठाणे
मंडळी, गेल्या रविवारी बारवीवरून हात हलवत परत आलो. बदलापूरच्या पुढचं हे एमआयडीसीचं धरण. सकाळी दहाला पोचलो, तीनपर्यंत बसलो. तळहाताएवढ्या दोन चिलापी (टिलापिया), बाकी नुसतं ऊन. डब्यातली गांडुळं डब्यातच शिजली. ज्यांच्याकडे मासेमारीचा ठेका आहे त्यांच्या माणसाला विचारूनच बसलो होतो. जाता जाता तो म्हणाला, "दादा, वारा बघून बसायचं असतं," आणि होडी ढकलून निघून गेला. म्हणजे काय, कोणी सांगेल का? मे महिन्यात धरणावर कुणाला काय लागलं, तेही लिहा. खाडीचं नको, त्याचा वेगळा धागा काढू.

अंबरनाथ
वारा पाठीवर घेऊन बसला होतात ना? सगळे तसेच बसतात, गळ लांब जातो म्हणून. पण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. वारा ज्या काठावर लाटा आपटतो तिथे पाणी ढवळतं, हवा मिसळते, शिवाय किडेमकोडे, काडीकचरा वाहत येतो. मासा तिकडे. तेव्हा वारा तोंडावर घ्यायचा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, उलटी येऊन पायात गुंतते, शिव्या तोंडात येतात, तरी तिथेच बसायचं.

आणि आमिष किती खोल सोडता? कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधे, मृगळ तळाच्या चिखलात. मी सलग दोन उन्हाळे कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड शिसं बांधून तळाला पाठवली आणि दर वेळी मृगळ लागला की नशिबाला बोल लावला. पेंडीत भाजलेलं बेसन आणि चिमूटभर बडीशेप घालतो. बडीशेपेने खरंच फरक पडतो की माझं समाधान, देव जाणे.

ऐरोली
नको म्हणालात तरी खाडीचं एकच वाक्य लिहितो: ज्याने जिताडा खाल्लाय त्याला धरणाचा रोहू काय सांगता! आईने एकदा रोहू घरात घेतला, हळद-मीठ लावून ठेवला, चिंचेच्या कोळात मुरवला, तरी पहिल्या घासाला म्हणाली, "ह्याला चिखल लागतोय." संपवला मात्र सगळा.

वर्तकनगर, ठाणे
पहाटे जा म्हणतात ते मला पटत नाही. उन्हाळ्यात तळ्यावर पहाटे मासे तोंड वर काढून भपभप करताना पाहिलेत. गळ नाकासमोर लोंबतो, शिवत नाहीत.

अंबरनाथ
@वर्तकनगर, ते बिचारे श्वासासाठी वर आलेले असतात, भुकेने नाही. शेवाळं दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री उलट तेच वापरतं. म्हणून तळ्यात पहाट सगळ्यात वाईट. धरणाचं पाणी अफाट, वारा लागतो, तिथे एवढं होत नाही. तरी मी संध्याकाळचाच माणूस.

कळवा (मूळ शहापूर)
आमचं गाव भातसा धरणाच्या अंगाला. रोहू-कटला हे आमच्या लेखी सोडलेले मासे. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात त्यांचं सहसा जमत नाही, म्हणून दरसाल बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागते. चिलापीला कुणी सोडावं लागत नाही. मादी अंडी तोंडातच उबवते, तिची पैदास थांबतच नाही.

आमचा खरा मासा मरळ. पाणी कितीही तापो, त्याला फिकीर नाही, वर येऊन हवेचा घोट घेतो. 'टप्' असा आवाज येतो, गोल वलय उठतं. वडील काठाच्या गवतात बेडकी लावून तासतास बसायचे. बिडीसुद्धा पेटवायचे नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा मला पाण्यात लालसर पुंजका हलताना दिसला, मूठभर कुंकू सांडल्यासारखा. मरळीची पिल्लं. खाली आईबाप राखणीला असतात, त्या वेळी ते समोर आलेल्या कशावरही तुटून पडतात, गळावरसुद्धा. मी काठी पुढे केली तर वडिलांनी मनगट धरलं. "आता नाय," एवढंच. वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणाऱ्या, मासळीला गावात सगळे पागेर (फेकायचं जाळं) घेऊन पळायचे, तेव्हा मात्र वडीलही त्यात असायचे. हे दोन्ही एका माणसात कसं बसायचं, मला अजून कळलेलं नाही.

नेरुळ
बारवीला पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. जी दिसतात ती बरी. न दिसणाऱ्या खोडात गळ अडकला म्हणून माझा मित्र कमरेएवढ्या पाण्यात उतरला, गाळात पाय रुतला, दोघांनी दोर टाकून ओढला. तंगूस कापा आणि सोडून द्या. गळ दहा रुपयांचा असतो.

नौपाडा, ठाणे
काल परत गेलो. चारला पोचलो, वारा तोंडावर, गॉगलवर सारखे पाण्याचे शिंतोडे. शिसं काढून टाकलं, पेंड हातभर खोल सोडली. सहापर्यंत शून्य. ऐरोलीकरांचा जिताडा आठवत बसलो होतो. मग पाण्यावर तरंगणारी गळाची काडी आडवी झाली, जराशी सरकली आणि गेलीच खाली. किलोभराचा रोहू. कटला नाहीच. पेंड उरली होती, पण रिळाची मूठ निखळून पाण्यात पडली. नेरुळकरांचं वाचलं होतं, उतरलो नाही.