शून्य सावलीच्या दिवशीही 13 सेंमी सावली का पडली?

चांदणी_पुणे: 13 मेला पुण्यात शून्य सावली असते, म्हणजे भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसत नाही, म्हणून शाळेच्या गच्चीवर 1 मीटरचा बांबू उभा केला. बरोबर 12 वाजता सावली होती साधारण 13 सेंमी, पश्चिमेकडे. तारीख चुकली की बांबू तिरका होता? मुलांना परत दाखवायचं तर काय सांभाळू?

ध्रुवमत्स्य: तारीख बरोबर आहे, घोळ घड्याळाचा. आपली प्रमाणवेळ 82.5° पूर्व रेखावृत्ताची. पुणे 73.86° वर, म्हणजे 8.64° पश्चिमेला. अंशाला 4 मिनिटं धरली की सूर्य माथ्यावर यायला 12 नंतर 34.5 मिनिटं उशीर. मेच्या मध्यात सूर्य घड्याळाच्या साडेतीन-पावणेचार मिनिटं पुढे धावतो, तेवढी वजा केली की 12:31. तुम्ही अर्धा तास आधी पाहिलंत. तेव्हा सूर्य माथ्याच्या पूर्वेला सात अंशांहून थोडा जास्त होता आणि 1 मीटरच्या काठीची सावली त्या कोनात 13 सेंमीच येते. तुमचं मोजमाप चोख आहे!

ओळंबा: बांबू नकोच. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे 1 मीटर उंचीवरून पडलेल्या सावलीची कड जवळजवळ 9 मिमी धूसर होते. 30 सेंमीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं काटकोनात कापलेली. खाली सपाट फरशी, ती स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना तपासा. पाइप ओळंब्याशी जुळवा, कारण 1° कलला तरी 5 मिमी सावली दिसते आणि मुलं म्हणतात, "सर, आहे की!" पेला उपडा ठेवून दाखवणाऱ्यांपासून सावध. खाली रुंद, वर निमुळती वस्तू स्वतःची सावली स्वतःच्याच बुडाखाली लपवते, मग कितीतरी वेळ शून्यच.

12:25 पासूनच खुणा करायला लागा. 4 मिनिटांत सूर्य जवळपास अंशभर सरकतो, म्हणजे सावली 5 मिमीने बदलते. आधी पश्चिमेला, मग पूर्वेला.

चांदणी_पुणे: आणि 13 ला ढग आले तर? 14 ला चालेल?

ध्रुवमत्स्य: चालेल. त्या दिवसांत सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) रोज पाव अंशाने वाढते. 30 सेंमीच्या पाइपला त्याने 1.3 मिमीचा फरक पडतो, डोळ्याला कळणारही नाही. सूर्याची क्रांती गावाच्या अक्षांशाइतकी झाली की शून्य सावली, एवढाच नियम. म्हणून कोल्हापूरला 6 मेच्या सुमारास, नाशिकला 20 च्या, नागपूरला 26 च्या. नागपूर बरंच पूर्वेला असल्याने तिथे वेळही 12:11 च्या आसपास. उगाच पुण्याची वेळ सगळीकडे फॉरवर्ड करू नका. दिल्लीत शून्य सावली कधीच नसते, ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

ओळंबा: पुण्यात दुसरी संधी 30 जुलैच्या सुमारास, वेळ मात्र 12:41, कारण तेव्हा सूर्य साडेसहा मिनिटं मागे असतो. पावसामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नका.

तुमच्या गच्चीची वेळ स्वतः काढायची असेल तर काठीभोवती वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकतं ती वेळ आणि दुपारी पुन्हा टेकतं ती वेळ लिहा. दोन्हींचा मध्य ही स्थानिक मध्यान्ह. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिला काठीपासून लंब टाकला की उत्तर-दक्षिण. होकायंत्राची गरज नाही, शिवाय गच्चीतल्या सळयांमुळे त्याची सुई भरकटते.